फुकटचे गाणे



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही सरळ सांगितले, "विलायतेतल्या एका दारूच्या गुत्त्यात आम्ही अख्खा दिवस काढला, त्याविषयी बोलू." चिटणीस गृहस्थ सज्जन. थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "त्यात गाण्याचा काही भाग आहे का हो?" आम्ही म्हटले, सगळा गाण्याचाच भाग आहे. त्यांचा जीव भांड्यात पडला आणि पत्रिकेवर 'इंग्लंडमधील लोकसंगीत' असे छापून आले. ती पत्रिका वाचून जे कोणी काही शास्त्रीय ऐकण्याच्या आशेने आले असतील त्यांची आधीच क्षमा मागतो. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सगळे युनियनच्या कचेरीतल्या कपाटातले आणि सार्वजनिक वाचनालयातले. संगीतातल्या सुरांपेक्षा आम्हांला त्यातला हिशेब अधिक कळतो.

गुत्ता हा शब्द आम्ही चिटणीसांना घाबरवण्यासाठी वापरला. खरा शब्द पब, म्हणजे पब्लिक हाउस, सार्वजनिक घर. दारूशी आमचे वैर जुने आहे. पगाराच्या संध्याकाळी सभासदांच्या बायका फाटकाशी येऊन उभ्या राहत आणि आम्ही गुत्त्यातून माणसे दंडाला धरून बाहेर काढीत असू. त्यामुळे पबाची स्तुती आमच्याकडून होणार नाही. तिकडच्या कामगारांचा अनुभवही फारसा वेगळा नव्हता. लंडनच्या बंदरात जहाजांतून कोळसा उतरवणाऱ्या मजुरांना काम मिळे ते पबवाल्यांच्या हातून. जो जास्त पिईल त्याला आधी काम. ही पद्धत मोडायला १८४३ साली कायदा करावा लागला. पबात बसून मजुरी वाटण्याला तर १८८३ मध्ये बंदी झाली. पण त्याच पबात पूर्वीच्या कारागिरांच्या संघटना भरत, वर्गणीची पेटी तिथेच असे, आणि परगावाहून काम शोधत आलेल्या कारागिराला त्याच्या धंद्याचा पब कोणता हे ठाऊक असे. कारण उघड आहे. कामगाराला चार माणसांत बसायला छप्पर देणारी दुसरी जागाच गावात नव्हती.

असो. गोष्ट २०१८ सालच्या ऑगस्टची. आमचा पुतण्या लेस्टर शहरी नोकरीस आहे, त्याच्याकडे आम्ही महिनाभर गेलो होतो. लेस्टर हे एके काळी मोजे आणि बनियन विणण्याचे मोठे ठिकाण. यंत्रे फोडणारे म्हणून ज्यांची नावे पुस्तकात येतात ते लडाईट याच मुलखातले; त्यांचा दंतकथेतला पुढारी नेड लड याचे गाव म्हणून दाखवतात ते ॲन्स्टी शहरापासून जवळच आहे. १८१२ साली यंत्र फोडण्याला फाशीची शिक्षा ठेवणारा कायदा पार्लमेंटने केला, आणि कवी बायरन त्याविरुद्ध सरदारांच्या सभेत बोलला. हे आम्ही तरुणपणी वाचले होते, म्हणून त्या शहराविषयी आम्हांला आपुलकी.

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी तिकडे सुटी असते. शहराच्या कडेला एका पबाबाहेर फळा लावलेला होता: दुपारी बारा ते रात्री दहा, लोकगीते आणि अमेरिकाना, प्रवेश विनामूल्य. आम्ही थांबलो. पुतण्या म्हणाला, "काका, तिथे सगळे पिणारे असतात." आम्ही म्हटले, "आपण आल्याचा सोडा पिऊ." तसा तो मिळाला, आणि तोच घेऊन आम्ही रात्रीपर्यंत बसलो.

पबाला दोन अंगे होती. मागच्या अंगणात फळ्यांचे व्यासपीठ, त्यावर ध्वनिक्षेपक, आणि एकामागून एक नऊ-दहा पथके. आतल्या खोलीत निराळाच प्रकार. एका टेबलाभोवती दहा-अकरा माणसे, सगळ्यांची तोंडे एकमेकांकडे, आपल्याकडे पाठ. एकाने फिडलवर चाल काढायची, दुसऱ्याने ओळखून धरायची, मग सगळ्यांनी. संपल्यावर कोणी टाळ्या वाजवीत नाही. तिथे सत्तरीच्या आसपासची एक बाई होती. पंचवीस वर्षे मोज्यांच्या कारखान्यात यंत्रावर काढलेली, हे तिनेच नंतर सांगितले. वाद्याच्या साथीशिवाय, डोळे मिटून ती कोणा खलाशाचे लांबलचक गाणे गायली आणि ध्रुवपद आले की सगळे तिच्यात मिसळत. आम्हांला चक्री भजन आठवले. वीणा ज्याच्या हाती येईल त्याने गायचे, बाकीच्यांनी मागे म्हणायचे. चाळीत शनिवारी रात्री हेच चालायचे, फक्त चहावर.

अशा बैठकी तिकडे जुन्या. सफोक परगण्यात ईस्टब्रिज येथे 'ईल्स फूट' नावाचा पब आहे. तिथल्या शेतमजुरांची शनिवारची गाणी १९३९ साली बीबीसीने रेकॉर्ड करून ऐकवली आणि ए. एल. लॉइड या डाव्या विचारांच्या अभ्यासकाने ती घडवून आणली. बैठकीला रीतसर अध्यक्ष असे. त्या भागात नियम असा की ज्याच्यावर पाळी येईल त्याने गावे, गाता येत नसेल तर काही बोलून दाखवावे, तेही जमत नसेल तर पैसे टाकावेत. आमच्या अध्यक्षमहाराजांनी हा नियम आज येथे लावला तर व्याख्यानमालेची तूट एका संध्याकाळीत भरून निघेल.

त्याच १९३९ मध्ये लंडनच्या वर्कर्स म्युझिक असोसिएशनने टॉपिक नावाची रेकॉर्ड कंपनी काढली, ती आजही चालू आहे. त्याआधी, १८८२ साली, डरहॅम परगण्यात ट्रिम्डन ग्रेंज येथे खाणीत स्फोट होऊन सत्तरच्या आसपास माणसे मेली, तेव्हा टॉमी आर्मस्ट्राँग या खाणकामगाराने त्यावर गाणे रचले, विधवा आणि पोरक्या मुलांसाठी निधी जमावा म्हणून. हा आर्मस्ट्राँग पबातून गाणारा, आणि पिणाराही. आम्ही त्याला आमच्या शाहिरांच्या रांगेत बसवतो.

आता अंगणात येऊ. अमेरिकाना म्हणजे काय, हे आम्ही पुतण्याला विचारले. त्याने मोबाइलमध्ये पाहून सांगितले, पण त्यातून आम्हांला काही कळले नाही. नंतर वाचून जे समजले ते असे. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांचे, डोंगरी भागाचे, निग्रो गुलामांच्या वंशजांचे आणि गोऱ्या गरिबांचे संगीत एकत्र होऊन जे झाले, त्यातले बाजारी थाटाचे सोडून उरलेल्याला हे नाव पडले आहे. नॅशव्हिल शहरी त्याची संस्था १९९९ साली निघाली. नाव नवे, माल जुना. आणि मालातला बराच भाग इंग्लंडचाच. सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलिस यांनी १९१६ ते १९१८ या काळात अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगरांत हिंडून गाणी टिपली. त्यांना तिथे इंग्लंड-स्कॉटलंडची जुनी कथागीते सापडली, स्थलांतर केलेल्यांच्या पणतवंडांच्या तोंडी. बँजो मात्र आफ्रिकेतून पकडून नेलेल्या माणसांबरोबर गेला. म्हणजे अंगणात जे वाजत होते ते समुद्रापलीकडे जाऊन, दुसऱ्यांच्या हातातून फिरून परत आलेले होते.

त्यातली काही गाणी आमच्या ओळखीची निघाली, सूर नव्हे, माणसे ओळखीची. जो हिल हा स्वीडनमधून अमेरिकेत गेलेला मजूर. चर्चमधल्या स्तोत्रांच्या चालींवर तो संपाची गाणी बसवी, कारण चाल सगळ्यांना आधीच पाठ. १९१५ साली युटा संस्थानात त्याला गोळ्या घालून मारण्याची शिक्षा अमलात आली. त्याच्या संघटनेने १९०९ पासून गाण्यांची खिशात मावणारी लाल पुस्तिका काढली होती. वुडी गथ्री हा १९१२ सालचा, ओक्लाहोमातला. तिसाच्या दशकात धुळीच्या वादळांनी त्या मुलखातली शेते गेली आणि शेतकरी मोटारींत चंबूगबाळे घालून कॅलिफोर्नियात फळे तोडायला गेले, मिळेल त्या मजुरीवर. गथ्रीने त्यांची गाणी केली. मराठवाड्यातून ऊसतोडीला बैलगाड्या निघतात त्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना आणखी सांगायला नको.

अंगणात डर्बीहून आलेली तीन पोरे होती, दोन मुलगे आणि एक मुलगी. त्यांनी या जातीची पाच-सहा गाणी म्हटली. मुलीचा आवाज असा की आतल्या खोलीतले फिडलवाले दारात येऊन उभे राहिले. गाणे संपले आणि आमची नजर व्यासपीठाच्या कडेला ठेवलेल्या काचेच्या मोठ्या पेल्याकडे गेली. त्यावर चिठ्ठी: गाणाऱ्यांसाठी. तळाशी नाणी.

इथून आमच्यातला गाणे ऐकणारा उठून गेला आणि युनियनवाला येऊन बसला. आम्ही पुतण्याला मध्ये घालून त्या पोरांना विचारले, तुम्हांला आज काय मिळणार? पोरगी हसली. रात्रीच्या शेवटच्या पथकाशी रक्कम ठरलेली आहे, बाकीच्यांना एकेक पेला बीअर आणि त्या पेल्यातला वाटा. पेट्रोल त्यांचे, वाद्ये त्यांची, सुटीचा दिवस त्यांचा. "मग का येता?" तर म्हणाली, "अनुभव मिळतो. नाव होते."

सभ्य गृहस्थहो, ही दोन वाक्ये आम्ही आमच्या आयुष्यात इतक्या वेळा ऐकली आहेत की पुतण्याने भाषांतर करायच्या आधीच आम्हांला कळली. शिकाऊ उमेदवार म्हणून घेतलेला मुलगा पूर्ण कामगाराचे काम तीन-तीन वर्षे करतो, तेव्हा त्यालाही हेच सांगतात.

आम्ही काउंटरकडे पाहत बसलो. बीअरचा एक पेला सुमारे चार पौंडांना. दुपारी दोननंतर काउंटरपुढची रांग मोडली नाही. ती रांग त्या पोरांच्या आवाजाने उभी केली होती. प्रवेश विनामूल्य हे खरे, पण विनामूल्य काय होते? आमची खुर्ची विनामूल्य होती. तिची किंमत डर्बीच्या तीन पोरांनी भरली होती.

आमचा स्वभाव भांडण उकरून काढण्याचा, त्यामुळे आम्ही पबवाल्यालाही गाठले. साठीचा, थकलेला, भला माणूस. आम्ही भारतातले कामगार-कार्यकर्ते आहोत हे ऐकून तो स्वतःच बोलू लागला. घर त्याचे नव्हते. मालक एक मोठी कंपनी. तिला भाडे द्यायचे आणि बीअरही तिच्याचकडून, ती सांगेल त्या भावाने घ्यायची. बाहेर तीच बीअर स्वस्त मिळते, पण करार बांधलेला. ब्रिटनमध्ये अशा बांधलेल्या पबवाल्यांच्या तक्रारी इतक्या झाल्या की २०१६ पासून मोठ्या कंपन्यांवर कायद्याची संहिता लागू करावी लागली. २००० साली त्या देशात साठ हजारांवर पब होते, ते आता पन्नास हजारांच्या बरेच खाली आले आहेत. हा गृहस्थ म्हणाला, अशा चार सुट्यांची कमाई झाली नाही तर किल्ल्या परत द्याव्या लागतील. गाणाऱ्या सगळ्यांना पैसे दिले तर त्याच्या हाती काही उरत नाही, आणि दिले नाहीत तर जे उरते त्यातले बरेचसे कंपनीकडे जाते. आम्ही मालकाशी वाटाघाटी करायला गेलो होतो आणि समोर कूळ निघाले. खंडाने जमीन करणाऱ्याने आपल्या गड्याला मजुरी कमी दिली, तर गड्याने कोणाशी भांडावे? हा प्रश्न आम्हांला नवा नव्हता. त्याचे उत्तर असे आहे की गड्याने कुळाशीही भांडावे आणि मग दोघांनी मिळून जमीनदाराकडे जावे. पण हे सांगण्याइतके आमचे इंग्रजी चांगले नव्हते.

तिकडे वादकांची युनियन आहे, १८९३ साली मँचेस्टरला निघालेली. संगीत हे काम आहे, खेळ नव्हे, फुकट वाजवू नका, असा प्रचार तिने केला आहे. कायदाही आड येत असे. पूर्वी पबात दोघांपर्यंत गाणारे असले तर वेगळा परवाना लागत नसे. २००३ च्या कायद्याने ती सूट काढली, आणि २००५ पासून एकट्यादुकट्यालाही परवाना हवा झाला. लहान पब गप्प झाले अशी ओरड झाली. अखेर २०१२ मध्ये नवा कायदा होऊन लहान जागांतली बंधने सुटली. युनियनने त्यासाठी खटपट केली होती. गाण्याला परवानगी मिळाली. मजुरीचा दर मात्र कायद्यात नाही, तो आजही पेल्यातच आहे.

या बाबतीत त्या देशातल्या कामगार चळवळीचे एक जुने प्रकरण आहे, ते आम्ही मुद्दाम सांगतो, कारण त्यात आपलाच चेहरा दिसतो. १९६० साली ब्रिटिश ट्रेड युनियन काँग्रेसच्या अधिवेशनात बेचाळीस क्रमांकाचा ठराव मंजूर झाला. कामगारांच्या जीवनात कलांना मोठे स्थान हवे आणि त्यासाठी संघटनेने काही करावे, असा त्याचा आशय. नाटककार आर्नल्ड वेस्कर याने त्या आकड्यावरून 'सेंटर फॉर्टी-टू' नावाची संस्था उभी केली. तिने १९६१ आणि १९६२ मध्ये स्थानिक युनियनांच्या बोलावण्यावरून वेलिंगबरो, नॉटिंगहॅम, ब्रिस्टल अशा गावी उत्सव केले; नाटके, चित्रे, आणि थेट पबांत जाऊन लोकगीते. त्यांतले एक शहर लेस्टर होते. म्हणजे आम्ही ज्या गावात सोडा पीत बसलो होतो तिथे साठ वर्षांपूर्वी युनियनने गाणारी माणसे पबात पाठवली होती. पुढे काय झाले? ठराव टाळ्यांत मंजूर झाला होता, पैसा मात्र चळवळीतून पुरेसा आला नाही. कर्ज डोक्यावर बसले आणि उत्सव थांबले.

आम्ही हे परकीयांची फजिती म्हणून सांगत नाही. आपल्याकडे १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले, तेव्हापासून शाहिराशिवाय कामगारांची सभा भरली नाही. आमच्या संघटनेचा १ मेचा कार्यक्रम एक शाहिरी पथक सतरा वर्षे करीत होते. शाहीर, दोन झीलकरी, तुणतुणेवाला आणि ढोलकीवाला. ढोलकीवाला यंत्रमागावर काम करणारा. आम्ही त्यांना काय देत होतो? शाल, श्रीफळ आणि जेवण. शाल एक, ती शाहिराला.

त्यांतल्या एका वर्षी सभा संपल्यावर ढोलकीवाला आमच्याजवळ आला. म्हणाला, "दादा, भाषणात तुम्ही म्हनालात, आठ तासांच्या वर काम झालं तर दुप्पट दाम. आमचं कालपासनं तेरा तास झालं." आम्ही हसलो. थट्टा समजलो, आणि पाठीवर हात ठेवून म्हटले, "अरे, आपलीच चळवळ आहे ना!" तो म्हणाला, "चळवळ आपली हाय, पण ढोलकीचं कातडं फाटलं तर ते मी इकत आनतो. अन् उद्याचा खाडा बी माझाच." आणि गेला. त्याच्या पुढच्या वर्षीही आला, वाजवले, काही बोलला नाही. आम्हीही नाही.

डर्बीची पोरगी "नाव होते" म्हणाली तेव्हा आमच्या कानांत हे वाजत होते. ज्याला आम्ही त्या पबात वेठ म्हणत होतो ती आम्ही सतरा वर्षे घेत आलो होतो, आणि आमच्या डोक्यावर तर भाडे मागणारी कंपनीही नव्हती. आम्ही उठलो आणि पाच पौंडांची नोट पेल्यात टाकली. पुतण्या दचकला. "काका, साडेचारशे रुपये!" आतल्या खोलीतल्या बाईपुढेही आम्ही एक नोट धरली होती. तिने हात मागे घेतला. रागावली नाही, पण तिचा चेहरा बदलला; जेवायला बोलावलेल्या पाहुण्याने ताटाचे पैसे विचारावेत तसा. तिच्या गाण्यावर कोणाचा गल्ला भरत नव्हता, ती आपल्या माणसांत गात होती. बाहेरचे आणि आतले यांत एक दार होते, आणि आम्हांला ते नोट पुढे करीपर्यंत दिसले नाही.

परत आल्यावर आम्ही कार्यकारिणीत विषय काढला: कलापथकाला मानधन, माणशी, एका दिवसाच्या पूर्ण मजुरीइतके. दोन बैठका वाद झाला. खजिनदार म्हणाले, शाहिरी विकत घ्यायची काय? त्यांना आम्ही उत्तर देऊ शकलो. पण खुद्द शाहीरच विरुद्ध गेले. ते म्हणाले, "पाकीट घेतलं की मी तुमचा नोकर झालो. मग तुमच्या युनियनवर पोवाड्यात टोला मारायचा झाला तर कसा मारू?" ही हरकत खरी आहे. तिला आमच्याजवळ आजही पुरते उत्तर नाही. अखेर असे ठरले की पैसे बुडालेल्या दिवसाचे, गाण्याचे नव्हेत. ज्याला घ्यायचे नसतील त्याने घेऊ नयेत, पण आम्ही द्यायचे. २०१९ च्या अखेरीस अंदाजपत्रकात तसा रकाना पडला.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी आली. माग बंद पडले. ढोलकीवाला बायकामुलांसह गावी गेला, तो परत आला नाही. १ मेचा कार्यक्रम पुन्हा झाला २०२२ मध्ये. ढोलकीला त्याचा मुलगा होता. पाकीट त्याच्या हाती दिले, व्हाउचरवर सही घेतली. त्याने सही करताना विचारले, "हे कशाचं?" आम्ही म्हटले, "तुझ्या वडलांना विचार." शाहिरांनी आपले पाकीट उघडले नाही. ते ढोलकीच्या खोळीत ठेवून निघून गेले.

आम्हांला दिलेली वेळ संपत आली आहे, अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत. एक गोष्ट राहिली. व्याख्यानाच्या आधी ज्या मुलींनी स्वागतगीत म्हटले त्यांच्यामागे तबल्यावर एक गृहस्थ होते. आम्ही संध्याकाळी आल्याआल्या चिटणीसांना विचारले की ध्वनिक्षेपकवाल्याचे आणि तबलजींचे पैसे चुकते झाले का. ध्वनिक्षेपकवाल्याचे आगाऊ दिले आहेत. तबलजींचे आभारप्रदर्शनानंतर पाहू, असे ते म्हणाले. पण तबलजी आम्हांला सांगत होते की त्यांची शेवटची बस नऊ वाजता आहे, आणि आता पावणेनऊ झाले आहेत. तेव्हा चिटणीसांनी आभार थोडे मागे ठेवावेत.